गारपिटीचा इशारा आल्यापासून पंधरा दिवस: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

रब्बी काढणीला आली आणि आभाळ भरून आलं की गावोगाव त्याच चुका पुन्हा घडतात. वीज कडाडत असताना माणसं ताडपत्री घेऊन खळ्याकडे धावतात. पाऊस थांबल्यावर दुसऱ्याच सकाळी चिखलात उतरून आडवं पीक उचलायला लागतात. आणि तलाठी येण्याआधी शेत साफ करून टाकतात. कष्ट सगळेच करतात, पण कामं उलट्या क्रमाने होतात. म्हणून हा लेख क्रमाचा आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि नगर-नाशिककडच्या कोरडवाहू गावांसाठी तो लिहिला आहे. तिथे खरिपात पावसाने ओढ दिलेली असते, विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि नको त्या वेळी आभाळ कोसळतं.

1. जानेवारीअखेर: हे आधीच झालेलं असलं पाहिजे

इशारा आल्यावर ताडपत्री विकत आणता येते, पण बाकीची तयारी एका रात्रीत होत नाही.

पहिलं काम कागदाचं. ई-पीक पाहणीत, म्हणजे सातबाऱ्यावर पीक चढवणाऱ्या सरकारी ॲपवर, पिकाची नोंद झाली आहे का, ते मोबाइलवर स्वतः पाहा. सातबाऱ्यावर पीक नसेल तर पुढे पंचनाम्यात शब्दाला शब्द लागतो. उभ्या, धडधाकट पिकाचे दोन-चार फोटो काढून ठेवा. नुकसान दाखवायला आधीचं चित्र हवं, आणि ते नंतर मिळत नाही. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना आणि शेतकरी ओळख क्रमांक तयार आहे ना, हेही आत्ताच पाहा. विमा उतरवला असेल तर पावती काढून नीट वाचा. स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान त्यात धरलं आहे का, ते विचारून घ्या. हे हंगामागणिक बदलतं, त्यामुळे गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका.

दुसरं, गंजीची जागा. कापलेला हरभरा असो, गहू असो की कडब्याच्या पेंढ्या, गंजी उंचवट्यावर लावा. खाली तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा वीतभर थर द्या आणि भोवती वीतभर खोल चर काढून त्याचं तोंड उताराकडे ठेवा. बहुतेक गंज्या वरून भिजत नाहीत, खालून भिजतात. ताडपत्री उत्तम असते, पण पाणी तळातून शिरतं आणि चार दिवसांनी गंजी उसकटली की आतून वाफ निघते. विजेच्या तारांखाली गंजी कधीच लावू नका.

तिसरं, ताडपत्री. ती उन्हात पसरवून खालून वर बघा, भोकं लगेच दिसतात. कडांना दोरी आधीच ओवून ठेवा.

चौथं, गोठ्याचे पत्रे. ढिले हूक आवळून घ्या. पत्र्यावर सुटे दगड ठेवायची पद्धत सोडा. वादळात पत्रा उचलला जातो आणि तोच दगड खाली जनावराच्या किंवा माणसाच्या अंगावर येतो. वजन हवंच असेल तर वाळूची पोती ठेवा आणि ती दोरीने बांधा.

> तपासा: रात्री लाइट नसताना, बॅटरीच्या उजेडात, घरातल्या दोघांना दहा मिनिटांत गंजी झाकता येते का? एकदा करून पाहा. दोरी सापडत नाही, खुंटी नाही, ताडपत्री आखूड पडते, हे सगळं कोरड्या दिवशीच कळू दे.

2. इशारा वाचायचा कसा

हवामान खात्याचे रंग साधे आहेत. हिरव्याचा अर्थ काही करायची गरज नाही, पिवळ्याचा लक्ष ठेवा, नारंगीचा तयारीत राहा, लालचा तातडीने हालचाल करा. हा इशारा जिल्ह्यासाठी असतो. गारांचा पट्टा मात्र अरुंद असतो. एका शिवारात पांढरा खच पडतो आणि शेजारच्या गावात धूळही बसत नाही. म्हणून "मागच्या वेळी इशारा होता, आपल्याकडे थेंब आला नाही" हा हिशेब चुकीचा आहे. तुमचं शिवार त्या पट्ट्यात येईल की नाही, हे दोन दिवस आधी कोणी सांगू शकत नाही.

तीन पायऱ्यांनी चाला. मंगळवार आणि शुक्रवारच्या कृषी हवामान सल्ल्यावरून पुढच्या चार-पाच दिवसांच्या कामांचा अंदाज घ्या. तो मेघदूत ॲपवर मिळतो. जिल्ह्याच्या रंगावरून दोन दिवसांची काढणी ठरवा. आणि त्या दिवशी दुपारनंतर तासातासाला मौसम ॲपवरचा तीन तासांचा तातडीचा इशारा आणि विजेसाठी दामिनी ॲप पाहत राहा. उन्हाळ्याच्या तोंडावरची ही वादळं बहुतेक दुपार उलटल्यावर उठतात. सकाळचं निरभ्र आभाळ आणि अंगाची काहिली करणारा उकाडा पाहून गाफील राहू नका.

3. हाताशी दोन दिवस आहेत: काढणीचा क्रम

एक नियम पक्का धरा. आज झाकता येईल तेवढंच आज कापा. घाबरून सगळं शेत कापून आडवं करणं ही या टप्प्यातली सर्वांत महागडी चूक आहे. जमिनीवर पसरलेलं कापलेलं पीक दोन्ही बाजूंनी भिजतं आणि लवकर वाळत नाही, दाण्याला कोंब फुटतात. उभं पीक पावसानंतर वाऱ्याने सुकतं. गारा आल्या तर उभ्या पिकाचंही नुकसान होतं, हे खरं आहे. पण गारा येतील की नाही ही शक्यता असते, आणि उघड्यावर पडलेलं कापलेलं पीक नुसत्या पावसानेही हमखास सडतं.

क्रम असा:

पहिल्यांदा मळून झालेलं धान्य आणि वाळत घातलेली हळद उचला. त्यावर सगळा खर्च होऊन गेलेला असतो. हिंगोली-नांदेडकडे शिजवलेली हळद दहा-पंधरा दिवस उघड्यावर असते. ती भिजली की रंग जातो आणि रंग गेला की भाव जातो. ढीग करून झाका, पण झाकण्याआधी हात घालून बघा. गरम, दमट लागली तर शेडमध्ये पातळ पसरा.

मग कापून पडलेल्या पिकाची गंजी घाला. त्यानंतर काढलेला कांदा. सगळ्यात शेवटी उभं, पक्कं झालेलं पीक. त्यात हरभरा गव्हाच्या आधी, कारण वाळलेले घाटे गारांच्या माराने गळून पडतात आणि मातीतून वेचता येत नाहीत. दाणा दाताखाली कट् वाजत असेल तरच कापा. दाबला जात असेल तर तो झाडावरच बरा.

कांद्याविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण इथे मीही एकदा पस्तावलो आहे. पातीसकट काढलेला ओलसर कांदा शेतातच गोळा करून त्यावर मेणकापड घट्ट ताणलं होतं. पाऊस आला आणि गेला, कांदा वरून कोरडा राहिला. तिसऱ्या दिवशी कापड काढलं तर आत दव साचलेलं, मानेजवळ बोट बुडत होतं. कांद्याला पावसाइतकाच स्वतःचा घामही मारतो. म्हणून काढलेला कांदा सावलीत, पातळ थरात ठेवा. शेड नसेल तर मधे बल्ली घालून तंबूसारखं झाकण करा आणि दोन्ही टोकं उघडी ठेवा. अजून जमिनीत असेल आणि पात पडलेली नसेल, तर घाईने उपटू नका, फक्त पाणी तोडा.

उभ्या पिकाला या दोन दिवसांत पाणी देऊ नका. ओल्या जमिनीत मुळांची पकड सुटते आणि वाऱ्याने गहू लोळतो. फवारणी आणि खत थांबवा, दोन्ही वाहून जाईल. द्राक्षाचे तयार घड असतील तर उतरवा, भिजल्यावर मणी तडकतात.

> सावध: मळणी यंत्रावर रात्रभर काम ओढताना थकव्याने हात-पाय अडकण्याचे अपघात होतात. सैल कपडे, ओढणी, उपरणं यंत्राजवळ नको. चार पोती उघडी राहिली तर राहू द्या.

4. आभाळ गडगडू लागलं: आता पीक नाही, माणूस

विजेचा लखलखाट दिसला की आकडे मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्या शिवारात पडू शकते. तेव्हा हातातलं काम टाकून पक्क्या घरात जायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर तीस मिनिटं बाहेर यायचं नाही. पाऊस ओसरला म्हणून वीज थांबत नाही, आणि लोक नेमके तेव्हाच गंजी बघायला निघतात.

एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, मग ते कडुलिंबाचं असो की चिंचेचं. विहिरीचा कठडा, तारेचं कुंपण, मोटारीचा पाइप आणि ट्रॅक्टरचं लोखंड यांपासून दूर राहा. चारही बाजूंनी बंद असलेली, वर पत्र्याचं छत असलेली चारचाकी चालते, काचा लावून आत बसा. उघड्या रानात अडकलाच, तर खोलगट जागी पाय जुळवून उकिडवे बसा, डोकं खाली घ्या, हात कानावर ठेवा. आडवं झोपू नका. जमिनीतून पसरणारा विजेचा दाब जितक्या लांबीवर अंगाला मिळेल तितका धोका वाढतो.

जनावरं याच कारणाने जास्त दगावतात. त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांत मोठं अंतर असतं. झाडाखाली सगळी एका दाव्याला बांधली असली की एका विजेत दावणच्या दावण जाते. इशारा आला त्या दिवशी दुपारपासूनच ती गोठ्यात असू द्या. शेळ्या-मेंढ्या गारांच्या नुसत्या माराने मरतात, त्यांना लांबच्या रानात नेऊ नका.

मोटारीचा स्टार्टर आणि घराचा मेन स्विच गडगडाट सुरू होण्याआधी बंद करा, नंतर त्याला हात लावायला जाऊ नका.

कोणावर वीज पडलीच तर त्याच्या अंगात करंट उरत नाही. लगेच हात लावा. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला 108 ला फोन करायला सांगा. शेणात पुरणं, पाण्यात बसवणं असल्या प्रकारात जीव वाचवण्याची मिनिटं निघून जातात.

5. पहिली सकाळ

उजाडल्यावर आधी तारा बघा. तुटलेली किंवा लोंबणारी तार दिसली तर तिच्याजवळ कोणाला जाऊ देऊ नका. महावितरणला 1912 वर कळवा. भिजलेल्या स्टार्टरला हात लावू नका.

मग जनावरं. भिजलेल्या शेळ्या-मेंढ्या आणि वासरं पोत्याने कोरडी करा, खाली सुका पाचोळा टाका, वाऱ्याची बाजू बंद करा. लहान पिलं थंडीने फुप्फुसाच्या दाहाने जातात, ती वेगळी आणि उबेत ठेवा. जखमी जनावरासाठी 1962 या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागता येते.

त्यानंतर फोन घेऊन बांधावर जा. हो, फावड्याआधी फोन. ठिकाण आणि वेळ नोंदवणारा कॅमेरा चालू करा. एक फोटो असा काढा की त्यात विहीर, झाड किंवा ओळखीचा बांध दिसेल, म्हणजे शेत कोणाचं ते सिद्ध होईल. एक मधल्या पट्ट्याचा. एक अगदी जवळून, फुटलेला घाटा, मोडलेली लोंबी, मार बसलेला घड हातात धरून. गारा अजून विरघळल्या नसतील तर त्यांचाही काढा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून.

आता फावडं घ्या आणि पाणी वाहतं करा. बांधावरूनच खालच्या कोपऱ्यात तोंड फोडा. वाफ्यांत शिरू नका. काळ्या रानात ओल असताना पाय पडला की माती चेपते, मुळांना हवा मिळत नाही, आणि गारांनी न मारलेलं पीक तुमच्या पायांनी पिवळं पडतं. वाफसा, म्हणजे जमीन कामाजोगी सुकणं, येईपर्यंत रानात उतरायचं नाही. मूठभर माती दाबून सोडा. गोळा फुटला तर वाफसा, चिकटून राहिला तर अजून थांबा.

6. पंचनामा होईपर्यंत

तलाठी, कृषी सहाय्यक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. आपत्तीच्या मदतीसाठी पिकाचं किमान 33 टक्के नुकसान दिसावं लागतं. म्हणून लोकांची सवय मोडायला हवी: पंचनामा होईपर्यंत शेत नांगरू नका, मोडलेलं पीक जनावरांपुढे टाकू नका. द्राक्षासारखं कुजणारं पीक काढावंच लागत असेल, तर तलाठ्याला फोन करून सांगा, संदेश पाठवा, फोटो ठेवा, आणि एक ओळ तशीच राखा.

पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहा. गट क्रमांक, पीक, क्षेत्र आणि नुकसानीचं प्रमाण वाचून मगच सही करा. न वाचता केलेली सही नंतर कोणी बदलून देत नाही.

दगावलेलं जनावर पुरण्याची घाई करू नका. पशुवैद्यकाचं शवविच्छेदन आणि पंचनामा आधी. माणूस गेला असेल तर दुःखाच्या त्या घटकेला हे सांगणं जड जातं, पण शवविच्छेदन आणि पोलिसांतली नोंद राहिली तर कुटुंबाची मदत अडकते. शेजाऱ्यांनी पुढे होऊन ते करून घ्यावं.

विम्याची सूचना हा वेगळा अर्ज असतो. तलाठ्याला सांगितलं म्हणजे विमा कंपनीला कळलं, असं होत नाही. पावतीवरची मुदत पाहून तिकडे स्वतंत्र कळवा आणि नोंद क्रमांक लिहून ठेवा.

7. वाफसा आल्यावर, पिकागणिक

*गहू.* लोळलेला गहू उचलून पेंढ्या बांधायला जाऊ नका. दाणा चिकात, म्हणजे दुधाळ असेल तर बराचसा आपोआप थोडा वर येतो, हात लावला की ताट मोडतं. पक्का असेल तर उन्हात सुकला की लगेच काढा. भिजलेलं धान्य वेगळं मळा, चांगल्यात मिसळू नका आणि बियाण्याला ठेवू नका. साठवणीआधी ओलावा 12 टक्क्यांपर्यंत खाली यायला हवा.

*हरभरा.* पानांवरची आंब, म्हणजे आंबट खार, पावसाने धुऊन जाते आणि ढगाळ हवेत घाटे अळी वाढते. म्हणून पाऊस संपल्यावर तीन-चार दिवस रोज ओळीत बसून मोजा. एका मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या तर फवारणीचा विचार करा. एकही दिसत नसताना भीतीने मारलेली फवारणी हा नुसता खर्च असतो.

*कांदा.* पात मोडलेली आणि कांदा तयार असेल तर वाफसा येताच काढा आणि लवकर विका. मार बसलेला कांदा चाळीत घालू नका, तो शेजारच्याला घेऊन सडतो. पात हिरवी, कांदा लहान असेल तर करप्याची फवारणी पानं कोरडी असताना, चिकटद्रव्य घालून करा.

*डाळिंब आणि इतर फळबाग.* गारांनी सालीला जखमा होतात आणि तिथून तेल्या रोग शिरतो. मोडक्या फांद्या जखमेच्या खाली, चांगल्या सालीपर्यंत छाटा. दर झाडाला कात्री निर्जंतुक करा. फुटलेली फळं वेचून बागेबाहेर पुरा. मग मोठ्या जखमांना बोर्डो पेस्ट लावा. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवा, लोखंडी बादली अजिबात नको, आणि चुना गाळून घेऊन मग एकत्र करा. घासलेली लोखंडी सळई क्षणभर बुडवा. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, अजून घाला. त्याच दिवशी वापरा.

मार खाल्लेल्या पिकाला लगेच मुठीने युरिया फेकण्याचा सल्ला गावात हटकून मिळतो. पानं फाटलेली, मुळं गुदमरलेली असताना ते खत पिकाच्या कामी येत नाही. नवी फूट दिसू द्या, मग द्या.

8. दुष्काळी गावाने या पावसातून काय घ्यायचं

पीक गेल्याच्या धक्क्यात हा भाग राहून जातो. पण मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला ते पाणी सोडणं परवडत नाही.

एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 20 बाय 30 फुटांचा पत्र्याचा गोठा सुमारे 55 चौरस मीटरचा भरतो. 20 मिलिमीटरच्या सरीत, गळती-उडणं सोडून, 900 लिटरच्या आसपास हाती येतं. दोन म्हशींचं आठेक दिवसांचं पिणं. त्यासाठी पन्हळ, पाइप आणि झाकणाची टाकी हवी. पहिलं 50-60 लिटर पाणी बाहेर सोडा, त्यात महिन्यांची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते.

पाऊस किती झाला ते अंदाजाने सांगू नका. सरळ बाजूंचा, सपाट तळाचा डबा उघड्यावर ठेवा आणि फूटपट्टीने मिलिमीटर मोजा. त्यावरून पाण्याची पुढची पाळी किती दिवस लांबवायची ते ठरतं आणि तळाला गेलेल्या विहिरीचं पाणी वाचतं.

रानातलं गढूळ पाणी पिण्याच्या विहिरीत उतरलं असेल तर ते शुद्ध करूनच वापरा. गोल विहिरीचं पाणी असं काढा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले 785. उत्तर लिटरमध्ये येतं. तीन मीटर व्यास आणि दोन मीटर पाणी असेल तर 14,000 लिटरच्या थोडं वर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, म्हणजे इथे 35 ग्रॅम. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं पाणी विहिरीत सोडून बादलीने ढवळा, तासभर थांबा. पावडर थेट विहिरीत टाकली की तळाला जाऊन बसते. डबा उघडा राहिला असेल तर तिची ताकद गेलेली असते.

रिकाम्या धसकटाच्या रानात वाफसा असतानाच नांगरट उरका. कोरड्या काळ्या जमिनीत ढेकळं निघतात आणि डिझेल जास्त जळतं.

> सावध: कापलेल्या ज्वारीच्या धसकटांना या पावसाने आठवड्याभरात हिरवे फुटवे येतात. चाऱ्याच्या टंचाईत तिकडे जनावरं सोडण्याचा मोह होतो. सोडू नका. पाण्याच्या ताणातून आलेल्या, गुडघ्याखालच्या कोवळ्या ज्वारीत विषारी सायनाइड तयार होतं, त्यालाच आपण किरळ लागणं म्हणतो. जनावर धापा टाकतं, थरथरतं, कोसळतं, आणि अर्ध्या तासात खेळ संपतो. तोंड घातलंच असेल तर घरगुती उपायात वेळ न घालवता डॉक्टरला बोलवा, यावर इंजेक्शन आहे.

भिजलेला कडबाही असाच बघायचा. गंजी मोडून पेंढ्या उभ्या करून वाळवा. बुरशीने काळ्या-पांढऱ्या पडलेल्या पेंढ्या बाजूला काढा. कुट्टी करून चांगल्यात मिसळल्या तर सगळाच चारा बिघडतो. नव्याने गंजी घातल्यावर आठव्या आणि पंधराव्या दिवशी मध्यापर्यंत हात घाला. आत ऊब लागली तर ती त्याच दिवशी पुन्हा उसकटायची.